एकाच खोलीत अंतर निर्माण करताना : लिनक्सवरील वायरलेस मेशच्या चाचणीचा अनुभव

भोर तालुक्यातील आमच्या गावाच्या तीन वाड्या डोंगराच्या एकाच सोंडेवर एकीवर एक अशा वसलेल्या आहेत. खालच्या वाडीतल्या शाळेत इंटरनेटची जोडणी आहे, पण मधल्या वाडीत मोबाइलला जेमतेम सिग्नल मिळतो आणि वरच्या वाडीत तोही नाही. गेल्या दिवाळीत दादाने मला विचारले, "शाळेतलं इंटरनेट वरपर्यंत नेता येईल का गं? तू रोज हेच काम करतेस ना?" मी गेली अनेक वर्षे लिनक्सच्या सर्व्हरची व्यवस्था पाहते, पण वायरलेस मेश, म्हणजे प्रत्येक यंत्राने शेजारच्या यंत्राची माहिती पुढे पोचवत नेण्याची जी रचना असते, तिच्याशी माझा प्रत्यक्ष संबंध कधी आला नव्हता. पावसाळ्यात ती सोंड पुन्हा पुन्हा चढण्यापेक्षा आधी पुण्यातच घरी सगळे तपासून पाहावे असे मी ठरवले आणि १ जून २०२४ पासून १८ ऑगस्ट २०२४ पर्यंतचे बहुतेक शनिवार-रविवार त्यात गेले. यंत्रे एकमेकांशी बोलू लागायला फारसा वेळ लागला नाही. डोंगरावर ती एकमेकांना जशी ऐकू येणार नाहीत, तशी ती घरातही ऐकू येऊ नयेत, यासाठीच माझे बहुतेक श्रम खर्च झाले. हे आधी कोणी सांगितले असते तर किमान तीन आठवडे वाचले असते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीला दोन गोष्टींतला फरक समजून घ्यावा लागला. ८०२.११एस हे मेशचे अधिकृत मानक आहे. ते २०११ साली मंजूर झाले, पण लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, त्याच्या मसुद्यावर आधारलेली सोय २००८ पासूनच आहे. दुसरे बॅटमॅन-अॅड्व्ह हे कर्नलचे मॉड्यूल, म्हणजे गरजेनुसार जोडायचा भाग. जर्मनीतील फ्रायफुंक या सामुदायिक जाळ्याच्या कार्यकर्त्यांच्या कामातून ते उभे राहिले आणि २०११ मध्ये कर्नलच्या २.६.३८ या आवृत्तीत दाखल झाले. पहिल्यात मार्ग निवडण्याचे काम वायफायच्या थरातच होते, तर दुसरे वायफाय, केबल किंवा दोन्हींच्या वर बसते आणि सगळे जाळे जणू एकाच मोठ्या स्विचला जोडलेले आहे असे भासवते. आपल्या मुलखातही मेश अगदी अनोळखी नाही. २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैराटच्या शाळेत मुलांना जे एक्सओ लॅपटॉप दिले गेले, त्यांत ८०२.११एसच्या तेव्हाच्या मसुद्यावर चालणारी मेश होतीच. मी ठरवले ते असे की, यंत्रांमधले दुवे ८०२.११एसने जोडायचे आणि मार्ग निवडण्याचे काम बॅटमॅनकडे सोपवायचे, कारण पुढे शाळेतून मधल्या वाडीपर्यंत केबल टाकता आली तर तीही त्याच जाळ्यात सामील करता येईल.

१ जूनला, शनिवारी सकाळी, एक पैसाही खर्च न करता कामाला लागले. कर्नलमध्ये मॅक८०२११_एचडब्ल्यूसिम नावाचे मॉड्यूल आहे. ते लोड करताना 'रेडिओज' या पर्यायाला ४ ही संख्या दिली की संगणकात चार काल्पनिक वायफाय कार्डे उभी राहतात आणि त्यांच्यावरचे सगळे सॉफ्टवेअर ती खरीच आहेत असे मानून वागते. मी उबंटू २४.०४ ची क्लाउडसाठी बनवलेली हलकी प्रत व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकातल्या काल्पनिक संगणकात, घेतली होती आणि पहिल्याच आज्ञेला 'मॉड्यूल सापडत नाही' असे उत्तर आले. त्या हलक्या प्रतीच्या कर्नलबरोबर हे मॉड्यूल येत नाही. 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' हे पॅकेज, आपल्या कर्नलच्या नेमक्या आवृत्तीचा क्रमांक जोडून, वेगळे घ्यावे लागते. हे कळायला दीड तास गेला.

त्यानंतरच्या अडचणी ओळीने आल्या आणि त्या बहुतेकांना येतील असे वाटते. कार्डाचा प्रकार बदलून त्याला मेशचा बिंदू करायचे तर ते कार्ड आधी बंद असावे लागते, नाहीतर 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' असे उत्तर मिळते. कार्ड सुरू करताना आरएफ-किलची, म्हणजे रेडिओ बंद ठेवणाऱ्या कुलपाची, तक्रार आली, तर 'आरएफकिल अनब्लॉक' या आज्ञेने ते कुलूप काढावे लागते. सर्वांत जास्त वेळ नेटवर्कमॅनेजर या जोडण्या आपोआप सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमने खाल्ला. आपण कार्डाचा प्रकार बदलतो आणि काही क्षणांत तो पार्श्वभूमीतून येऊन ते कार्ड पुन्हा आपल्या ताब्यात घेतो, त्यामुळे आपली आज्ञा चुकली असे वाटत राहते. चाचणीसाठीची सगळी कार्डे त्याच्या संरचनेच्या फाइलमध्ये 'अनमॅनेज्ड' म्हणून नोंदवल्यावर हा त्रास संपला. संध्याकाळी साडेसहाला दोन काल्पनिक कार्डे एका मेशमध्ये सामील झाली आणि त्यांच्या नोंदीत दुवा 'एस्टॅब' म्हणजे प्रस्थापित झाल्याचे दिसले. मी दोघांना आयपी पत्ते दिले, पिंग केले, म्हणजे एकाकडून दुसऱ्याला हाक मारून पाहिली, उत्तर आले आणि त्या रात्री मी समाधानाने झोपले.

ते समाधान खोट्या पायावर उभे होते. दुसऱ्या दिवशी सहज म्हणून एका कार्डाला मेश सोडण्याची आज्ञा दिली, तरीही पिंग चालूच राहिले. मी दुसऱ्याही कार्डाला मेश सोडायला लावली, पिंग चालूच. मग पडद्यावरचा वेळ नीट पाहिला : ०.०३८ मिलिसेकंद. हवेतून जाऊन परत येणारे पाकीट, म्हणजे माहितीचा छोटा गठ्ठा, इतक्या लवकर येऊच शकत नाही. दोन्ही पत्ते एकाच कर्नलच्या मालकीचे असल्यामुळे तो पाकीट बाहेर पाठवतच नव्हता, आतल्या आत वळवून देत होता. एकाच संगणकावर दोन कार्डे लावून मेश तपासणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट पहिल्याच दिवशी तपासावी : मेश बंद करून पाहावी आणि पिंग थांबते का ते बघावे. ते थांबले नाही, तर आपण काहीच तपासलेले नसते.

यावरचा उपाय नेटवर्क नेमस्पेस हा आहे. लिनक्समध्ये एकाच कर्नलच्या आत नेटवर्कची अनेक वेगळी दालने करता येतात आणि प्रत्येक दालनाचे स्वतःचे पत्ते, स्वतःचे मार्ग आणि स्वतःची कार्डे असतात. मी चार दालने केली आणि त्यांना झाडांची नावे दिली : वड, पिंपळ, उंबर आणि चिंच. येथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. केबलच्या कार्डाप्रमाणे वायफायचा इंटरफेस 'आयपी लिंक' या आज्ञेने दुसऱ्या दालनात नेता येत नाही. त्यासाठी 'आयडब्ल्यू फाय' ही आज्ञा वापरून त्यामागचे रेडिओ यंत्र, म्हणजे 'फाय', हलवावे लागते आणि मग इंटरफेस त्याच्याबरोबर आपोआप जातो. ८ जूनला चारही दालने तयार झाली, पिंगचा वेळ वाढला आणि मेश सोडल्यावर पिंग थांबले. संगणक पुन्हा सुरू केला की हे सगळे नाहीसे होते, म्हणून प्रत्येक आज्ञा त्याच वेळी एका स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवण्याची सवय मी लावून घेतली. पुढच्या अडीच महिन्यांत ती स्क्रिप्ट निदान दोनशे वेळा चालवली असेल.

तरीही ही मेश म्हणावी अशी मेश नव्हती. काल्पनिक कार्डे एकाच चॅनेलवर असली की प्रत्येकाला प्रत्येकाचे अगदी स्वच्छ ऐकू येते. त्यामुळे वडापासून चिंचेपर्यंतचे पाकीट थेट जात होते आणि मधल्या दोघांना काही कामच नव्हते. डोंगरावर खालच्या वाडीला वरची वाडी दिसत नाही, आणि तेच तर तपासायचे होते. त्यासाठी डब्ल्यूमीडियमडी नावाचा छोटा प्रोग्रॅम मिळाला. तो काल्पनिक कार्डांच्या मध्ये हवेच्या जागी बसतो आणि कोणाचा आवाज कोणाला किती स्पष्ट ऐकू यावा हे एका फाइलमध्ये आपण लिहिलेल्या आकड्यांवरून ठरवतो. तो मूळ संहितेतून बांधून घ्यावा लागला आणि त्यासाठी लिबएनएल व लिबकॉन्फिग यांची विकासासाठीची पॅकेजे लागली. फाइलमधले कार्डांचे पत्ते प्रत्यक्षातल्या पत्त्यांशी तंतोतंत जुळायला हवेत. वड ते पिंपळ, पिंपळ ते उंबर आणि उंबर ते चिंच या तीन दुव्यांना चांगले आकडे दिले आणि नको असलेले दुवे वगळून न देता त्यांनाही अगदी खालचे आकडे स्पष्ट लिहून दिले. ९ जूनच्या रात्री पहिल्यांदा मार्गांच्या यादीत दिसले की वडाला चिंचेकडे जायचे तर पुढचा टप्पा पिंपळ आहे. त्या एका ओळीकडे मी बराच वेळ पाहत राहिले.

मग बॅटमॅन चढवले आणि लगेच एक नवे कोडे उभे राहिले. बॅटमॅनच्या शेजाऱ्यांच्या यादीत वडासमोर तिघेही दिसू लागले, जणू सगळे पुन्हा एकाच अंगणात आले. कारण असे की ८०२.११एस स्वतःही पाकिटे पुढे पोचवत होते. बॅटमॅनची ओळख सांगणारी पाकिटे ते खालच्या खाली शेवटपर्यंत नेत होते, आणि वर बसलेल्या बॅटमॅनला वाटत होते की सगळे जवळच आहेत. एकावर एक असे दोन वाटाडे नेमले की वरच्याला खालच्याचे चालणे दिसत नाही. मेश_एफडब्ल्यूडिंग हा मापदंड प्रत्येक यंत्रावर शून्य केल्यावर यादी बरोबर झाली. दुसरी तक्रार कर्नलच्या नोंदींत सापडली : मेशच्या इंटरफेसचा एमटीयू, म्हणजे एका पाकिटात मावणाऱ्या बाइट्सची कमाल संख्या, १५०० आहे, त्यामुळे पाकिटांचे तुकडे होतील, तो १५३२ केल्यास अडचण सुटेल. बॅटमॅन प्रत्येक पाकिटाला स्वतःचे वेष्टण घालते, त्या वेष्टणासाठी ही जागा लागते. हा संदेश एकदाच येतो आणि नोंदी वाचल्या नाहीत तर सगळे चालत असल्यासारखेच दिसते.

सिम्युलेशनचा मला जो उपयोग झाला तो आज्ञांचा क्रम पक्का करण्यासाठी आणि वायरशार्क या पाकिटे उलगडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मेशची पाकिटे डोळ्यांनी पाहण्यासाठी. एचडब्ल्यूसिम० या इंटरफेसवर सगळ्या काल्पनिक हवेतली वाहतूक पाहता येते. मात्र तेथे मिळालेला वेग कोठेही लिहून ठेवू नये. तो तुमच्या प्रोसेसरचा वेग असतो.

१५ जूनला खऱ्या यंत्रांसाठी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले. त्याआधी घरात जे होते ते तपासले होते. 'आयडब्ल्यू लिस्ट' ही आज्ञा दिली की कार्ड कोणत्या प्रकारांत चालू शकते त्याची यादी येते आणि तिच्यात 'मेश पॉइंट' हे शब्द असावे लागतात. माझ्या लॅपटॉपमधल्या इंटेलच्या कार्डाच्या यादीत ते नव्हते आणि माझ्याकडच्या दोन्ही जुन्या रास्पबेरी पाय ३ बी+ या छोट्या संगणकांमधल्या वायफायच्या यादीतही नव्हते. म्हणून एआर९२७१ ही चिप असलेली यूएसबी अडॅप्टर हवी होती. ही चिप जुनी आहे, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते, पण तिचा एथ९के_एचटीसी हा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, तिचे फर्मवेअरही २०१३ पासून खुले आहे आणि मेशमध्ये ती चांगली चालते. अडचण एवढीच की खोक्यावर चिपचे नाव नसते आणि एकाच नावाच्या मॉडेलच्या पुढच्या आवृत्तीत चिप बदललेली असू शकते. गल्लीतल्या दुकानदाराने हे मोकळेपणाने सांगितले. "ताई, आत काय आहे ते आम्हालाही लावल्याशिवाय कळत नाही. लॅपटॉप आणलाय ना? मग इथंच लावून बघा आणि मग पैसे द्या." मी काउंटरवरच लॅपटॉप उघडला. यूएसबीच्या यादीत ०सीएफ३:९२७१ हा क्रमांक दिसला आणि ७८० रुपयांना एक याप्रमाणे त्याच्याकडे असलेली दोन्ही अडॅप्टर घेतली.

उरलेली दोन ऑनलाइन मागवली आणि तेथे फसले. वर्णनात हीच चिप लिहिली होती, पण २० जूनला आलेल्या दोन्ही अडॅप्टरमध्ये दुसऱ्याच कंपनीची चिप निघाली आणि यादीत मेशचे नाव नव्हते. परत पाठवताना 'यंत्र चालत नाही' हे कारण निवडले असते तर विक्रेत्याने ते साध्या वायफायवर चालवून दाखवले असते, म्हणून 'वर्णनाशी जुळत नाही' हे कारण निवडले आणि वर्णनाचे व यूएसबीच्या क्रमांकाचे असे दोन फोटो जोडले. पैसे १ जुलैला परत आले. दरम्यान तपकीर गल्लीतल्याच दुकानदाराने फोन करून सांगितले की माल आला आहे, आणि २९ जूनला त्याच दराने आणखी दोन अडॅप्टर मिळाली. पुन्हा हे काम करायचे झाले तर मी चारही समोर लावून पाहूनच घेईन.

खरी यंत्रे लावल्यावर आणखी काही गोष्टी समजल्या. रास्पबेरी पायच्या सॉकेटमधून अडॅप्टरला पुरेशी वीज मिळाली नाही की नोंदींत 'टार्गेट इज अनरिस्पॉन्सिव्ह' असे येते आणि अडॅप्टर गप्प होते. त्यासाठी स्वतःचा वीजपुरवठा असलेले यूएसबी हब १,१५० रुपयांना घ्यावे लागले. देशाचा संकेत 'आयएन' असा ठरवून द्यावा, कारण तो '००' राहिला तर पुढे ५ गिगाहर्ट्झची यंत्रे घेतल्यावर बऱ्याच चॅनेलवर कार्ड स्वतःहून प्रक्षेपण सुरू करत नाही. मेशमध्ये सामील होताना वारंवारतेपुढे 'एचटी२०' हे लिहिले नाही तर कार्ड जुन्या ८०२.११जीच्या दराने चालते. मी ते विसरले होते आणि वेग मोजणाऱ्या आयपर्फ३ मध्ये सेकंदाला २१ मेगाबिटच्या वर वेग का जात नाही याचा दोन संध्याकाळी शोध घेत होते. एचटी२० लिहिल्यावर तो ३८ झाला.

आता पुन्हा तोच प्रश्न समोर आला, या वेळी खऱ्या हवेत. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत तीन यंत्रे ठेवली की सगळ्यांना सगळे उणे २४ डीबीएमच्या आसपास ऐकू येते (डीबीएम हे सिग्नलच्या शक्तीचे माप, उण्यापुढचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण). प्रक्षेपणाची शक्ती अगदी खाली आणली तरी तेच. आयडब्ल्यूमध्ये एखाद्या शेजाऱ्याचा दुवा 'ब्लॉक' करण्याची सोय आहे आणि मार्गांची रचना तपासायला ती पुरते, पण ब्लॉक केलेले यंत्र हवेत आवाज करतच राहते, त्यामुळे डोंगराआडचे यंत्र आणि ब्लॉक केलेले यंत्र यांत मूलभूत फरक राहतो. प्रयोगशाळांत अँटेनाच्या जागी केबल लावून मध्ये अॅटेन्युएटर, म्हणजे सिग्नल क्षीण करणारा भाग, बसवतात. माझ्या अडॅप्टरपैकी दोघांच्या अँटेना आतच होत्या, तेव्हा तो मार्ग बंद होता.

आईने स्वयंपाकघरातून म्हटले, "एवढंच आहे, तर डब्यात ठेव की." ते योग्यच होते. ६ जुलैला रविवार पेठेतून दहा किलो पिठाचे, घट्ट झाकणाचे, स्टेनलेस स्टीलचे दोन डबे आणले, ६४० रुपयांना एक. आधी फक्त अडॅप्टर डब्यात ठेवून यूएसबीची लांब केबल झाकणाच्या कडेने बाहेर काढली. लॅपटॉपवर दुसऱ्या टोकाचा सिग्नल उणे २४ वरून उणे ४७ वर आला. फरक होता, पण अपेक्षेपेक्षा कमी, कारण ती केबलच अँटेनासारखी वागून आतले बाहेर आणत होती. मग संपूर्ण रास्पबेरी पाय, अडॅप्टर आणि पॉवर बँक अशी सगळी बिऱ्हाडे डब्यात ठेवली, एकही तार बाहेर न काढता झाकण लावले आणि सिग्नल उणे ५८ वर गेला. झाकणाच्या कडेला अॅल्युमिनियमची फॉइल दाबून बसवल्यावर मात्र दुवाच तुटला. लॅपटॉपच्या यादीतून वड नाहीसा झाला. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते, पण झाकणाखालची लांबच लांब बारीक फट तिला बाहेर पडायला पुरते.

फॉइलशिवायचा डबाच माझ्या कामाचा होता. एक डबा ३४ डेसिबल कमी करतो. म्हणून वड एका डब्यात, उंबर दुसऱ्या डब्यात आणि पिंपळ, म्हणजे या चाचणीपुरता लॅपटॉप, बाहेर टेबलावर ठेवला, तर पिंपळाला दोघेही उणे ५८ला व्यवस्थित ऐकू येतात. पण वडाचा आवाज उंबरापर्यंत दोन्ही डबे ओलांडून जायचा, म्हणजे उणे ९२ पर्यंत उतरायचा, आणि त्या पातळीला या चिपला जवळजवळ काहीच कळत नाही. जवळजवळ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कधीमधी एखादे बीकन, म्हणजे यंत्राने स्वतःची ओळख सांगणारे पाकीट, पोचत होते, वड आणि उंबर यांच्यात काही सेकंदांचा कच्चा दुवा जुळत होता आणि तुटत होता. त्यावर मेश_आरएसएसआय_थ्रेशोल्ड हा मापदंड उणे ८० ठेवला, म्हणजे त्याहून क्षीण शेजाऱ्याशी दुवा जुळवायचाच नाही. मग वड, पिंपळ, उंबर अशी सरळ साखळी उभी राहिली आणि तासभर ढळली नाही. वेग मोजला : वड ते पिंपळ ३८, वड ते उंबर १८. एकाच चॅनेलवर पिंपळाला ऐकणे आणि बोलणे दोन्ही करायचे असल्यामुळे दुसऱ्या टप्प्याला वेग निम्मा होतो, हे वाचून माहीत होते. या साखळीत ते प्रत्यक्ष मोजता आले आणि वरच्या वाडीला किती वेग मिळेल याविषयी दादाला काय सांगायचे तेही ठरले. बंद डब्यात रास्पबेरी पाय तापतो. एकदा तापमान ७८ अंशांवर गेल्याचे नंतर नोंदींत दिसले, तेव्हापासून एका वेळी २० मिनिटांपेक्षा जास्त चाचणी घेतली नाही आणि आत पॉवर बँक असताना खोली सोडून गेले नाही.

डब्यातल्या यंत्रांच्या नोंदी नंतर जुळवताना आणखी एक गोष्ट उमगली. रास्पबेरी पाय ३ बी+ मध्ये वीज गेल्यावर वेळ चालू ठेवणारे घड्याळ नसते. इंटरनेट नसलेल्या मेशमध्ये प्रत्येक यंत्र आपापली वेळ धरून बसते आणि कोणाचा दुवा आधी तुटला हे सांगताच येत नाही. लॅपटॉपवर क्रॉनी हा वेळ जुळवणारा प्रोग्रॅम चालवून बाकीच्यांना त्याच्याकडून वेळ घ्यायला लावली.

खऱ्या अंतरासाठी आमच्या सोसायटीच्या तीन इमारतींच्या गच्च्या सोयीच्या होत्या. ७ जुलैला कमिटीकडे लेखी अर्ज दिला. त्यात यंत्रांची संख्या, वजन, विजेचा वापर, दिवस आणि वेळ हे सगळे लिहिले होते, तरी सेक्रेटरी काकांनी दोन प्रश्न विचारले : "याला सरकारी परवाना लागतो का?" आणि "किरणोत्सर्गाचं काय? लोक मला विचारणार." दोन्हींची उत्तरे तोंडी देऊन भागत नाही, म्हणून केंद्र सरकारची २८ जानेवारी २००५ची अधिसूचना, जी.एस.आर. ४५(ई), छापून अर्जाला जोडली. तिच्यानुसार २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झमध्ये ठरावीक मर्यादेतल्या कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याची गरज नाही. प्रक्षेपकाची कमाल शक्ती १ वॅट, आणि अँटेना इमारतीच्या छतापासून ५ मीटरच्या आत. माझी अडॅप्टर त्या शक्तीच्या कितीतरी खाली होती आणि घराघरांतले वायफायचे राउटर याच पट्ट्यात चालतात, हेही लिहून दिले. २८ जुलैची बैठक ठरली होती, पण २५ जुलैच्या पावसाने आणि मुठेच्या पुराने सिंहगड रस्त्याच्या परिसरातली घरे पाण्यात गेली आणि आमच्या पार्किंगमध्येही पाणी आले. ती बैठक पुढे ढकलली जाणे साहजिकच होते. ११ ऑगस्टला ती झाली, विजेपोटी ५०० रुपये आणि नुकसान झाल्यास भरपाईचे हमीपत्र मागितले गेले आणि १३ ऑगस्टला सही-शिक्क्याचे पत्र हातात आले. अर्जापासून ३७ दिवस. ज्यांना गच्चीवर काही करायचे असेल त्यांनी अर्ज पहिल्याच आठवड्यात देऊन ठेवावा आणि अधिसूचनेची प्रत पहिल्याच अर्जाला जोडावी.

ते दिवस मी कूटबद्धतेसाठी वापरले. मेशमध्ये पासवर्ड लावायचा तर डब्ल्यूपीए_सप्लिकंट हा प्रोग्रॅम मेशच्या 'मोड ५' मध्ये आणि एसएई या पासवर्ड पडताळण्याच्या पद्धतीने चालवावा लागतो. पासवर्डात एका अक्षराची चूक झाली तर ठळक असा संदेश येत नाही, शेजारी फक्त दिसत नाही. म्हणून आधी उघड्या मेशवर सगळे चालवून पाहावे आणि कुलूप शेवटी लावावे. ओपनडब्ल्यूआरटी या लिनक्सवर आधारलेल्या प्रणालीचे राउटर वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की त्यात मुळात बसवलेल्या डब्ल्यूपॅड-बेसिकला कूटबद्ध मेश जमत नाही, ते काढून डब्ल्यूपॅड-मेशचे पॅकेज घालावे लागते.

१५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर भाचा आणि मी गच्च्यांवर यंत्रे लावली. ए आणि बी इमारतींत ७० मीटर, बी आणि सी इमारतींत ६५ मीटर, आणि ए वरून सी दिसत नाही, कारण मध्ये बी इमारतीची लिफ्टची खोली उभी आहे. आमच्या डोंगराची सोंड जशी मध्ये येते तशीच. पावसासाठी प्रत्येक यंत्र प्लास्टिकच्या खाऊच्या डब्यात, तार खालच्या बाजूने बाहेर. बी इमारतीवरचा पिंपळ आधी पाण्याच्या टाकीमागे आडोशाला ठेवला होता, तेव्हा वडाचा सिग्नल उणे ७८ होता. तो टाकीपासून दोन मीटर बाजूला, कठड्यावर आणल्यावर उणे ६१ झाला. टाकी प्लास्टिकचीच होती, पण आतल्या पाण्याने लहरी अडवल्या होत्या. गावात शाळेच्या छतावरही अशीच टाकी आहे, हे मी तेव्हाच वहीत लिहून ठेवले.

शेवटची चाचणी १८ ऑगस्टला, रविवारी दुपारी घेतली. चिंच हे चौथे यंत्र सी इमारतीच्या कोपऱ्यात अशा जागी लावले की तिला ए वरचा वड आणि सी वरचा उंबर दोन्ही दिसावेत, म्हणजे वडापासून उंबरापर्यंत दोन वाटा झाल्या. बॅटमॅनच्या यादीत पिंपळाची वाट २५५ पैकी २३१ आणि चिंचेची १८८ गुणांची होती, म्हणून सगळी वाहतूक पिंपळावरून जात होती. मी ए इमारतीवर वडाशेजारी लॅपटॉप घेऊन बसले, उंबराला पिंग सुरू केले आणि समोरच्या गच्चीवर उभ्या असलेल्या भाच्याला हात करून पिंपळाची वीज काढायला सांगितली. पडद्यावरच्या ओळी थांबल्या. मी क्रमांक मोजत होते. अकरा पाकिटे हरवली, मग बारावे चिंचेवरून आले, आणि त्यानंतर एकही हरवले नाही. आतापर्यंत खर्च झाला होता ७,०१० रुपये : चार अडॅप्टर, हब, दोन डबे, १२० रुपयांची फॉइल, ८४० रुपयांची दोन मेमरी कार्डे आणि सोसायटीचे ५०० रुपये धरून. संध्याकाळी गच्चीवरूनच दादाला फोन केला. तो म्हणाला, "गणपतीत येशील तेव्हा घेऊन ये, मी बांबू तोडून ठेवतो." चारही यंत्रांवर झाडांची नावे लिहून मी ती त्याच पिठाच्या डब्यांत भरून ठेवली आहेत.